तेता, किब्बे फुटले!

तेता, ऐका! काल गुड फ्रायडे झाला. तुमच्याच घरात झाला, तुमच्याच टेबलावर झाला, आणि आज सकाळपासून मला हे कधी एकदा सांगतो असं झालंय. फोन हातात घेतला, तुमचं नाव काढलं, माझ्या मीराच्या तोंडचं 'तेता', म्हणजे अरबीत आजी, आणि मग आठवलं की उचलायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले, तरी हे मला रोज चार-पाच वेळा नव्यानं कळतं.

म्हणून लिहितोय, तेही मराठीत. तुम्हाला यातलं अक्षरही वाचता आलं नसतं, पण सोळा वर्षं मी तुमच्याशी जर्मनमध्ये भांडलो आणि प्रत्येक वेळी हरलो. तुमची जर्मन कुठल्याही नियमाला न जुमानता सुसाट सुटायची, आणि माझं वाक्य जुळेपर्यंत तुम्ही उत्तर देऊन कांदा चिरायला लागलेल्या असायच्या. आज एकदा तरी माझ्या भाषेत मला पूर्ण बोलू द्या.

केलरपासून, म्हणजे तळघरापासून सुरू करतो. तुमच्या फ्लॅटची कुंडिगुंग, म्हणजे जागा सोडत असल्याची नोटीस, पाठवून झाली आहे, महिनाअखेर चाव्या द्यायच्या आहेत. गेल्या शनिवारी मी आणि एलियास खाली केलर रिकामा करायला गेलो. तुमचा मुलगा तुम्हाला माहीतच आहे, दुःख झालं की तो आवराआवरी करतो. म्युनिकहून येताना कचऱ्याच्या पिशव्यांचा अख्खा रोल घेऊन आला होता. जुनी गालिच्याची गुंडाळी, ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे, मीराची लहानपणीची बर्फावरची घसरगाडी, सगळं धडाधड बाहेर. आणि मग मागच्या फळीवर, वर्तमानपत्रावर, ऐसपैस बसलेला भोपळा. ऑक्टोबरमध्ये गावाबाहेरच्या शेतावर आपण दोघं गेलो होतो आणि तुम्ही चाळीस भोपळ्यांवर टकटक करून शेतकरीण बाईंचा अंत पाहिला होतात, तोच.

एलियास म्हणाला, "बियोटोनेत, ओल्या कचऱ्यात टाक. जड आहे, नीट धर."

मी म्हणालो, "शुक्रवारचा आहे हा."

"कुठला शुक्रवार?"

"कारफ्रायटाग. गुड फ्रायडे. भोपळ्याच्या तळलेल्या किब्ब्यांचा."

तो म्हणाला, "हे बघ, ते आता नाही. ते ममाचं होतं. एखाद्या रेस्टॉरंटमधून काहीतरी मागवू, नाहीतर नकोच. लोकांना कळवून टाकू."

तेता, मला इतका राग आला! त्याच्यावर नाही, त्या "कळवून टाकू"वर. कारण मला पक्कं माहीत होतं की यंदा कळवून टाकलं की पुढच्या वर्षी कळवावंही लागणार नाही. म्युनिकचे म्युनिकला राहतील, बाड हॉम्बुर्गची तुमची बहीण तिथल्याच चर्चला जाईल, आणि वर्षातून एकदा तुमच्या टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून बसणारी ही माणसं एकमेकांना वाढदिवसाचे मेसेज पाठवत राहतील. मी भोपळा उचलून छातीशी धरला आणि म्हणालो, "मी करतो."

बोलून तर गेलो. मी कोण करणारा? सांगलीचा जावई, हॅनोव्हरला येऊन मशीनं डिझाइन करणारा. तुमच्या डोंगरातल्या गावातून, युद्धाच्या वर्षांत, दोन मुलं आणि एक सुटकेस घेऊन तुम्ही जे इथवर आणलंत, ते मी करायचं? पण दुसरं होतं कोण, सांगा! तुमच्या लेकीला, माझ्या रीमाला, तुमच्यासारखं कोकराचं मटण येतं. एलियासला अंगारावरचं सगळं येतं, बाल्कनीत धूर करून शेजाऱ्यांना खिडक्या लावायला तो लावतोच. पण बिनमांसाचं, लेंटमधलं, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतलं, तुमच्या भाषेत उपवासाचं जेवण त्या दोघांनी कधी शिकून घेतलं नाही. ते शिकण्याइतकं ज्याला आवडायचं असा तुमच्या घरात एकच माणूस होता, आणि तो मी.

पहिली भेट आठवते? रीमानं आधीच सांगून ठेवलं होतं की हा मांस खात नाही. तुम्ही दारातच काळजीनं विचारलंत, "किती दिवसांचा उपास आहे?"

मी म्हणालो, "जन्मभराचा."

तुम्ही दोन्ही हात गालांवर ठेवलेत. माझी कीव केलीत, असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी टेबलावर मुजद्दरा होता, मसूर-भाताची तुमची ती खिचडी, वर कुरकुरीत तळलेल्या कांद्याचा ढीग. ऑलिव्ह तेलात मुरलेल्या फरसबीच्या शेंगा होत्या, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या. माझ्या आईच्या अळूवडीची सख्खी बहीणच ती! मी एक तोंडात घातली आणि मला चक्क सांगली आठवली. तुम्ही म्हणालात, पोरं हे खाताना तोंड वेडंवाकडं करतात, चाळीस दिवस कसेबसे काढतात, आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेतोयस. तेव्हापासून तुमचं लेंट बारमाही झालं.

आणि महाशिवरात्रीचा तो गोंधळ! आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात आहे ना? फोनवर मी सहज म्हणालो की आज माझा उपास आहे. तासाभरात दारात तुम्ही. स्टाटबानच्या ट्रॅममधून मांडीवर पातेलं धरून आलेल्या, त्यावर टॉवेल गुंडाळलेला. आत वाफाळता मुजद्दरा आणि काबुली चणे. आणि मी नेमका साबुदाण्याची खिचडी खात बसलेलो, वर साजूक तूप, शेजारी दह्याची वाटी.

तुम्ही ताटात वाकून पाहिलंत. "हे काय? लोणी? दही? उपासाला?"

"हो. चालतं."

"आणि मसूर?"

"मसूर नाही चालत. तांदूळही नाही."

"देवानं मसूर केलाच उपासासाठी! आणि तू लोणी खातोस! हा उपास कुणी लिहिला, गवळ्यानं?"

त्या दिवशी मी तुमचा मुजद्दरा वाटीभर खाल्ला. तुम्ही जिंकल्यासारख्या कोट न काढता खुर्चीत बसून राहिलात. तो माझा मोडलेला उपास होता, तेता. लहानपणापासून एकदाही न मोडलेला. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. नंतर सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यावरून मला वर्षभर छळलं असतं. आईलाही कधी बोललो नाही. आता सांगून टाकतो: मस्त झाला होता.

किब्ब्यांचं नाव ऐकून मात्र मी रुसलो होतो. किब्बे हझीने, म्हणजे दुःखी किब्बे. नेहमीच्यांत मांस असतं, हे भोपळ्याचे. येशूच्या मरणाच्या दिवशी घरात कुणी मांस शिजवत नाही, म्हणून बिचारे दुःखी. मी विचारलं, "मग माझा स्वयंपाक जन्मभर दुःखीच म्हणायचा का?" तुम्ही इतक्या हसलात की मळलेल्या भोपळ्याचे हात तसेच डोळ्यांना लावलेत. त्या वर्षीपासूनच गुरुवारी संध्याकाळी मला तुमच्या स्वयंपाकघरात हजेरी लागली.

तुमच्या हाताखाली मी जे शिकलो ते असं: भोपळा उकडायचा, कुस्करायचा, फडक्यात बांधून पाणी काढायचं. मी म्हणालो, आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का नळाला टांगतात तसं टांगू. तुम्ही म्हणालात, नळ काय टांगायची जागा आहे? आणि तिसऱ्या वर्षी मी आलो तर फडकं नळाला टांगलेलं! मग त्यात बारीक बुरगुल, म्हणजे उकडून वाळवून भरडलेला गहू, कांदा, मीठ, मिरपूड. भोपळ्याचा ओलावा गहू पितो आणि गोळा होतो. तो तळहातावर घेऊन बोटानं पोकळ करायचा आणि आत पालक, चणे, अक्रोड, आंबट सुमाक आणि डाळिंबाचा आटवलेला रस घातलेलं सारण भरायचं.

पोकळ करणं मला पहिल्याच दिवशी जमलं. तुम्ही माझा हात धरून उलटा-सुलटा करून बघितलात. "कुणी शिकवलं?"

"गणपतीनं," मी म्हणालो. उकडीच्या मोदकाची पारी दरवर्षी मी करतो, आईनं लहानपणीच हात बसवलाय. जितकी पातळ तितकं कौतुक, हेच मला माहीत. तुम्ही म्हणायचात, जाड ठेव. मी म्हणायचो, पातळच छान. तुम्ही म्हणायचात, तळायचंय, उकडायचं नाही. मग मी म्हणायचो, तर दोन चमचे मैदा घालू या, धरून राहील. झालं! मैद्याचं नाव काढलं की तुमच्या भुवया केसांना जाऊन टेकायच्या.

"पीठ घालायचं असेल तर तुझी ती भजी कर. माझ्या आईनं पीठ घातलं नाही, तिच्या आईनं घातलं नाही."

"पण फुटले तर?"

"माझे फुटत नाहीत."

आणि खरंच फुटत नसत. शुक्रवारी तळायच्या वेळी तुम्ही मला बाहेरच्या खोलीत पाहुण्यांबरोबर बसवायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. गर्दीत तळणं बिघडतं, म्हणायच्या. थोड्या वेळानं थाळी बाहेर यायची, सगळे सोनेरी, टुमटुमीत, एकाला चीर म्हणून नाही. मी छाती फुगवून सांगत सुटायचो की यातले निम्मे मी वळलेत, ओळखा कुठले. सोळा वर्षांत कुणाला ओळखता आले नाहीत.

हॉस्पिटलमधलं आपलं शेवटचं बोलणंही त्यावरूनच झालं. तुम्ही थकलेल्या होतात, मी काहीतरी चिडवायचं म्हणून म्हणालो, "यंदा तुम्ही झोपून राहा, मी मैदा घालणार आहे." तुम्ही डोळे मिटून घेतलेत, झोपेचं सोंग. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, मला दिसलं. मी तुमच्या पांघरुणावर थोपटलं आणि पार्किंगची वेळ संपत आली म्हणून उठलो. सकाळी फोन आला. मी घालणार नव्हतो हो, तेता. चेष्टा करत होतो. एवढंच सांगायला उद्या येईन म्हटलं होतं.

असो. आता कालचं!

गुरुवारी मी रजा घेतली. भोपळा कापला, आत काय रंग होता म्हणून सांगू! टांगला, मळला, संध्याकाळी एकट्यानं साठ वळले. सगळे पातळ, एकापेक्षा एक. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. मैदा नाही. वरच्या कपाटातला मैद्याचा पुडा मी मुद्दाम आणखी मागे सरकवला.

काल दुपारी सगळे आले. तुमची बहीण काळ्या कपड्यांत, हातात रुमाल. एलियास बायकोला घेऊन, चेहरा असा की बघू या काय होतंय. शेजारच्या बाई केक घेऊन. मी आत गेलो आणि तुमच्यासारखंच दार लावून घेतलं. तेल तापलं. पहिला सोडला.

फुटला. तेता, टाकल्या टाकल्या फुटला! चीर पडली, सारण बाहेर, पालक तेलात नाचतोय, चणे उडतायत. दुसरा सोडला, तोही. तिसरा, चौथा. मी शेगडी बंद केली. कारफ्रायटागला शहरात एक दुकान उघडं नसतं, भोपळा तो एकच होता, बाहेर बारा माणसं तुमच्यासाठी जमली होती, आणि एलियासचं म्हणणं खरं ठरत होतं. हे ममाचं होतं. मी खुर्चीवर चढून वरच्या कपाटातून मैद्याचा पुडा काढला.

दार उघडून रीमा आत आली. "काय करतोयस?"

"पीठ घालतोय. सगळे मोडतो, पीठ घालून परत मळतो. बोलू नकोस माझ्याशी."

"का?"

"फुटतायत!"

ती कढईपाशी आली. आत वाकून बघितलं. आणि हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती हसली नव्हती, तेता, आणि आता कट्ट्याला धरून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग दारातून बाहेर तोंड काढून ओरडली, "एलियास! ये लवकर! फुटले!"

तो धावत आला. अक्षरशः धावत, खुर्चीला अडखळत, येताना टेबलावरची भाकरी उचलून. त्याच्या मागं मीरा. तिघंही कढईभोवती उभे आणि भाकरीच्या तुकड्यानं फुटलेलं सारण झाऱ्यावरून थेट तोंडात! हा-हू करत, जीभ भाजत, एकमेकांचे हात ढकलत.

मी पुडा हातात धरून खुर्चीवर तसाच उभा. "हे काय चाललंय?"

रीमा म्हणाली, "तुझे दरवर्षीच फुटायचे रे. पातळ असतात ना."

"माझे?"

"मग कुणाचे? ममा शुक्रवारी सकाळी तुझे सगळे मोडून जाड वळायची. पहिले आठ-दहा मात्र तसेच तळायची, आमच्यासाठी. फुटलेल्यांत तेल आणि डाळिंबाचा रस जे काही होतं ना! म्हणायची, त्याला सांगू नका. म्हणून तर दार लावायची."

"मीरा, तुला माहीत होतं?"

तुमची नात तोंड भरलेलं असताना म्हणाली, "हो, पापा. दास वाइस दॉख येडर." म्हणजे हे तर सगळ्यांनाच माहीत आहे!

सोळा वर्षं, तेता! सोळा वर्षं मी बाहेर बसून तुम्ही वळलेले अख्खे किब्बे माझे म्हणून मिरवत होतो, आणि आत तुम्ही सगळे उभ्यानं माझे फुटके खात होतात! काय म्हणू तुम्हाला? खोटारड्या म्हणू? "माझे फुटत नाहीत" म्हणायच्या, ते तर शब्द न शब्द खरं होतं! मी हसलो, आणि मग मला रडू आलं. मग एलियासनं माझ्या हातातला पुडा काढून घेतला आणि परत कपाटात ठेवला.

आम्ही चौघांनी मिळून उरलेले मोडले आणि ओल्या हातानं जाड वळले. एलियासला वळता येतात, हे त्यालाच माहीत नव्हतं. ओबडधोबड, पण येतात. तो सारखा विचारत होता, इतका जाड पुरे? आणि मी, चक्क मी, सांगत होतो, अजून जाड, तळायचंय, उकडायचं नाही. बाहेरून तुमची बहीण हाका मारत होती की काय चाललंय आत, उशीर होतोय. मीरा जाऊन तिलाही घेऊन आली. स्वयंपाकघरात हलायला जागा नाही, सगळ्यांच्या कोपरांना भोपळा, आणि कुणी तरी कुठल्या वर्षी कुणाचा किब्बा पळवला यावरून अरबीत भांडण सुरू. पुढच्या वर्षी भोपळे दोन आणायचे, हे एलियासनंच ठरवलं. म्युनिकहून गुरुवारीच येतो म्हणाला.

थाळी बाहेर नेण्याआधी त्यानं कढईत तळाशी राहिलेला शेवटचा फुटका झाऱ्यानं काढला. भाकरीत गुंडाळला, माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, बसून घेतो, ताट कुठंय?

"ताट पाहुण्यांना," तो म्हणाला. "इथे उभ्यानं खायचं. आणि थांबायचं नाही, गरमच."

आज माझी टाळू सोलवटली आहे. सकाळचा चहा प्रत्येक घोटाला झोंबतोय, आणि मी दुसरा कप करून घेतलाय.